पाहुणा हरेपर्यंत नळाला हात लावू नये

गळतीकाकांनी पाहुणा घरात घेतला तो दोन दिवसांच्या बोलीवर. सोमवारी येणार, मंगळवारी हरणार, बुधवारी सकाळच्या गाडीनं आपल्या वाटेनं जाणार. हे काही काकांचं भाकीत नव्हतं, खुद्द मोठ्या साहेबांचं होतं. मोठे साहेब पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख होते आणि ते जे म्हणत ते सहसा होत असे, निदान कागदावर तरी.

काकांना सगळी बिल्डिंग गळतीकाका म्हणायची, कारण त्याच खात्याच्या गळती निवारण विभागात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. कुणाच्या घरचा नळ गळतो अशी तक्रार आली की त्या घरमालकाला अठ्ठेचाळीस तासांची नोटीस धाडायची, हे त्यांचं काम. काम बरं होतं, जागा वाईट होती. त्यांचं टेबल अगदी दाराच्या आड. येणारा प्रत्येक माणूस दार ढकलायचा आणि दाराची मूठ काकांच्या खुर्चीवर आदळायची. खुर्चीच्या पाठीला बावीस वर्षांत खड्डा पडला होता, आणि तसाच एक काकांच्या पाठीला पडलाय असं काकूंचं म्हणणं होतं. रोज संध्याकाळी मलम त्याच लावत असल्यामुळे त्यांना ठाऊक असणार.

तर विभागाचे मुख्य आता निवृत्त होणार होते. मुख्यांना केबिन असते. केबिनला दार असतं, आणि ते आपल्यावर आपटत नाही, लोक त्याच्यावर टकटक करतात. आयुष्यात एकदा कुणीतरी आपल्या दारावर टकटक करावी आणि आपण आतून ‘या’ म्हणावं, एवढीच काकांची इच्छा होती. माणसाला कुठं काय हवं असेल सांगता येत नाही. त्यांचा क्रम पहिला होता, निवृत्तीला सहा महिने उरलेल्या पलीकडच्या टेबलावरच्यांचा दुसरा, आणि पुढच्या सोमवारी सहीच व्हायची बाकी होती.

मोठे साहेब गावात भरणाऱ्या टेनिस स्पर्धेच्या समितीचेही अध्यक्ष होते. स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंची, पुरुष एकेरी, बत्तीस जणांची. पण जगातले पहिले शंभर जिकडे फिरकत नाहीत त्यातली. इथे त्यांच्या मागची लांबलचक रांग यायची, आणि त्यातल्या काहींची उतरायची सोय गावातल्या घरांतूनच करावी लागायची. साहेबांनी विभागात येऊन विचारलं, “एक खेळाडू उरलाय. कुणाकडे जादा खोली आहे?” सगळ्या माना एकदम फायलींत गेल्या. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ढकललं, मूठ खुर्चीवर आदळली आणि काका कळवळून उभे राहिले.

“वा,” साहेब म्हणाले, “काका उठले. मला खात्रीच होती. आणि घाबरू नका, पहिल्याच फेरीत त्याची गाठ अव्वल मानांकिताशी आहे. बुधवारी घर मोकळं.”

घरी काकूंनी विचारलं, “कोण येणार म्हणालात?”

“टेनिसपटू. जगातला सहाशे बारावा.”

“सहाशे बारावा म्हणजे चांगला की वाईट?”

काकांनी विचार केला. “जगात आहे ना, अगं.”

“मग तुम्ही कितवे?”

“कशात?”

“कशातही,” काकू म्हणाल्या आणि पाहुण्याची चादर बदलायला गेल्या.

पाहुणा आला तो दाराच्या चौकटीला कपाळ आपटूनच. पंचविशीचा, उंच, सहा रॅकेटी खांद्यावर, आणि इतका सभ्य की घरात वावरताना माणसाला स्वतःच्याच घरात संकोच व्हावा. ‘काकू, त्रास घेऊ नका’ हे वाक्य त्यानं जेवताना नऊ वेळा म्हटलं. काकांनी संभाषण पुढं ढकलायचं म्हणून विचारलं, “हल्ली कसं चाललंय, खेळाचं?”

“गेले सतरा आठवडे पहिल्याच फेरीत हरतोय, काका,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “ही शेवटची स्पर्धा. मग दादाच्या रंगाच्या दुकानात बसायचं ठरलंय. दादा म्हणतो, उंच आहेस, वरच्या फळीवरचे डबे काढायला बरा.”

काकूंनी त्याला आणखी वाढलं.

आता घरात एक गोष्ट अशी होती जी काकांनी जगापासून लपवली होती. रविवारपासून त्यांच्या न्हाणीघराचा नळ गळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. प्लंबर मंगळवारी संध्याकाळी येतो म्हणाला होता, तोवर खाली लोखंडी बादली ठेवली होती. न्हाणीघर पाहुण्याच्या खोलीला लागूनच. टप, टप, टप.

मंगळवारी सकाळी तीन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा क्रम वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढं आठवडाभर एका सुशिक्षित घरानं तो ठेवला. एक, पाहुण्याच्या गडबडीत बादली रिकामी करायची राहिली, ती भरून वाहिली आणि पाणी दारापर्यंत आलं. दोन, काका त्या पाण्यावरून घसरून खोलीतून बाहेर येणाऱ्या पाहुण्याच्या पायाशी ‘अगं आई गं’ म्हणत धप्पकन पडले. आणि तीन, काकू धावत बाहेर आल्या तेवढ्यात पाव करपला. पाहुण्यानं काकांना उचललं, करपलेला पाव मुकाट्यानं खाल्ला, आणि जाऊन अव्वल मानांकिताला सहा-चार, सहा-चार असं हरवलं.

संध्याकाळी तो परतला तेव्हा प्लंबर पान्हा घेऊन न्हाणीघराच्या दारात उभाच होता. समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर पाहुण्याचं दर्शन घ्यायला येऊन बसले होते. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली होती. टेनिस ते कधी खेळले नव्हते, त्यामुळे त्यांची त्याबद्दलची मतं पक्की होती.

काकूंनी पाहुण्याला ओशाळून विचारलं, “झोप झाली का हो काल नीट? तो मेला नळ वाजत होता.”

“छे छे, काकू,” पाहुणा म्हणाला. “उलट त्या आवाजानं घरी असल्यासारखं वाटलं.”

कुणीही चांगल्या घरचा माणूस हेच म्हणेल. काकूंनीही दुसऱ्याच्या घरी हेच म्हटलं असतं. पण पाहुणा पाय लांब करायला खोलीत गेला आणि मास्तर उठून उभे राहिले.

“पान्हा खाली,” ते प्लंबरला म्हणाले.

“वायसर बदलायचाय फक्त. दोन मिनिटांचं काम आहे.”

“त्या दोन मिनिटांत सतरा आठवडे परत येतील. काका, खेळाडूची एक लय असते. ती कशानं लागली ते त्यालाही कळत नसतं. आज सकाळी या घरात जे जे झालं, ते ते उद्या झालं पाहिजे. पाहुणा हरेपर्यंत नळाला हात लावायचा नाही.”

“उद्या हरेलच तो,” काका म्हणाले. “साहेबांनी सांगितलंय.”

“मग एका दिवसाचाच प्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. प्लंबर ‘बोलवाल तेव्हा येतो’ म्हणून गेला.

बुधवारी काकूंनी पाव करपवला. “माझा नाही हो असल्या गोष्टींवर विश्वास,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाजूनंही करपवला. बादली भरून वाहू दिली होतीच. राहिलं काकांचं पडणं. मास्तर पहाटेच देखरेखीला हजर. पाहुणा बाहेर आला, काका पाण्यात पाय टाकून ‘अगं आई गं’ म्हणाले आणि पडले, पाहुण्यानं उचललं, पाव खाल्ला, पण तो खोलीत बूट चढवायला वळताच मास्तरांनी काकांना बाजूला घेतलं.

“काका, काल तुम्ही पडलात. आज तुम्ही बसलात.”

“अहो, तेच ते.”

“तेच नाही. काल तुमच्या मनात पडायचं नव्हतं. आज तुम्ही आधी हात टेकलात. हात टेकणं हे बसण्यात येतं.”

पाहुणा त्या दिवशी जिंकला, पण तीन सेट खेळून. पहिला सेट त्यानं गमावला. “बसल्यामुळे,” मास्तर म्हणाले. काकांना हे पटलं नाही, पण शुक्रवारी त्यांनी हात टेकला नाही.

मधल्या गुरुवारी विश्रांती होती. म्हणजे पाहुण्याला. काकांना नव्हती, कारण त्या दिवशी टपालातून आलेल्या तक्रारींच्या गठ्ठ्यात वरूनच तिसरी तक्रार त्यांच्या स्वतःच्या घराविरुद्ध होती.

तक्रारदार म्हणजे खालच्या मजल्यावरचे हरकतराव. कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. घरात साधा चहा आला तरी ‘माझी हरकत नाही’ म्हणून घेत, म्हणून हे नाव. त्यांच्या छताला ओल आली होती आणि त्यांनी ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून रोजची तारीख घालायला सुरुवात केली होती. बुधवारी ती ओल पेरूएवढी होती. गुरुवारी कलिंगड झालं.

काकांनी तक्रार दोनदा वाचली. मग बावीस वर्षांची सवय, दुसरं काय, नोटिशीचा कोरा छापील नमुना ओढला आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. ‘आपल्या घरातील नळ गळत असल्याचे निदर्शनास आले आहे.’ पाठवणाऱ्याच्या जागी सही केली. मग तीच नोटीस स्वतःच्या हाती देऊन पोचपावतीवर मिळाल्याची सही केली. खात्यात इतक्या झटपट बजावलेली ही पहिलीच नोटीस असावी. मुदत शनिवारी संपत होती. आणि खात्याच्या नियमात एक कलम होतं, जे काकांना तोंडपाठ होतं कारण त्याचा मसुदा त्यांनीच केला होता: ज्याच्या राहत्या घराची गळतीची तक्रार निकालात निघालेली नाही, त्याला गळती निवारण विभागाचा मुख्य करता येणार नाही. मसुदा करताना त्यांना ते फार हुशारीचं वाटलं होतं.

संध्याकाळी ते हरकतरावांकडं गेले. “पाहुणा आहे हो घरात,” ते म्हणाले. “जिंकतोय.”

“पाहुण्याला माझी हरकत नाही,” हरकतराव म्हणाले. “पाण्याला आहे.”

शुक्रवारी पाहुणा पुन्हा जिंकला. आता सगळं गाव त्याला ओळखायला लागलं होतं आणि बिल्डिंगला तर पहिल्यापासूनच माहीत होतं म्हणे. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण काकांना सल्ला द्यायचा. पाण्यात थोडा साबण टाका, पडणं मोकळं होतं. पडताना डावी बाजू पुढं करा, तो डावरा आहे. खुद्द मोठे साहेब मंगळवारपासून तोच पिवळा स्वेटर घालून येत होते, ऊन असो नसो, आणि त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही अशी ऑफिसात समजूत होती. काकांच्या कमरेवर आता जांभळा, निळा आणि हिरवा असे तीन दिवस वेगवेगळे दिसत होते. काकू मलम लावताना पाठीकडून कमरेकडं सरकल्या होत्या.

न्हाणीघराच्या खिडकीत काकूंना रोज रॅकेटच्या जाळीची तुटलेली तार सापडायची, हातभर लांब, नीट गुंडाळून ठेवलेली. मास्तर म्हणाले, शकुनाची वस्तू असणार, हलवू नका. काकू त्या तारेच्या कडेकडेनं खिडकी पुसत राहिल्या.

शनिवार आला. उपान्त्य फेरी. काका असे पडले की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुणा तासाभरात जिंकला. आता फक्त रविवारची अंतिम फेरी उरली होती, आणि नोटिशीच्या मुदतीची एक संध्याकाळ.

प्लंबर न बोलावता आला. गावात त्यालाही सगळं कळत होतं. “काका,” तो दारातूनच म्हणाला, “आज दुरुस्त झाला तर सोमवारी फाइल बंद होईल. दोन मिनिटं. मी कुणाला सांगणार नाही.”

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी पदराला हात पुसले.

“अहो, करून घ्या,” त्या म्हणाल्या. “चार वेळा जिंकला, पुष्कळ झालं की. तुमच्या पाठीचा तो खड्डा मी बावीस वर्षं चोळतेय. मला नाही का वाटत, तुम्ही त्या केबिनमध्ये बसावं?”

काका न्हाणीघराच्या दाराशी उभे राहिले. टप, टप. आयुष्यात त्यांनी हजारो नोटिसा पाठवल्या होत्या, आणि लोक काय काय कारणं लिहून मुदत मागतात ते त्यांना पाठ होतं. सासूचं आजारपण, मुलाची परीक्षा. त्यांनी एकालाही कधी मुदत दिली नव्हती.

“मी अजून सहा महिने दाराआड बसलो तर काय होणार आहे?” ते म्हणाले. “बसतोच आहे. तो पोरगा उद्या हरला तर परवा डबे काढायला जाणार. मला नाही बघवणार ते.”

“आणि नळ दुरुस्त केल्यानं तो हरेल असं खरंच वाटतं तुम्हाला?”

“नाही वाटत. पण दुरुस्त केला आणि हरला, तर आयुष्यभर वाटेल.”

काकूंनी प्लंबरला पाणी दिलं आणि जिन्यापर्यंत पोचवलं. काकांनी नोटिशीच्या उत्तराच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘गळती आहे. सोमवारपर्यंत मुदत मिळावी. कारण : घरचा माणूस अंतिम फेरीत आहे.’ थोड्या वेळानं हरकतराव वर आले. छतावरची ओल आता त्यांच्या दिव्यापर्यंत पोचली होती. “सोमवारपर्यंत थांबायला माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “तक्रार मात्र मागं घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.” आणि जाता जाता, “उद्या नीट पडा.”

रविवारी सकाळी सगळं जागच्या जागी होतं. बादली वाहत होती, पाव करपत होता, मास्तर कोपऱ्यात उभे होते. पाहुण्याच्या खोलीची कडी वाजली. काकांनी श्वास घेतला आणि पाऊल उचललं. आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरचं दार उघडून पिवळ्या स्वेटरमधले मोठे साहेब आत आले. खेळाडूला स्वतःच्या गाडीतून न्यायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. समोर आपला कर्मचारी घसरतोय म्हटल्यावर कुठलाही भला अधिकारी जे करील तेच त्यांनी केलं. दोन ढांगांत पुढं होऊन काकांना काखेत धरलं.

“सांभाळा, काका. पडला असतात की.”

मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. स्वयंपाकघरात पाव तेवढा करपत राहिला.

“सोडा ना साहेब,” काका अगदी बारीक आवाजात म्हणाले.

“अहो, सोडू कसा? पाणी किती आहे इथं.” मग साहेबांनी पाण्याचा माग काढत बादलीपर्यंत आणि बादलीवरून नळापर्यंत नजर नेली. खात्याचेच होते. “काका, हे काय आहे?”

“गळती, साहेब.”

साहेबांनी नळाकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग पाहुण्याची बॅग उचलून खाली गेले. पाहुणा पाव तोंडात धरून त्यांच्यामागं.

काका पुन्हा पडून पाहणार होते, पण मास्तर म्हणाले, “आता काय उपयोग. वेळ गेली.”

मैदानावर काका पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी खेळ जवळजवळ पाहिलाच नाही, पाहुण्याचे बूट पाहिले. पहिला सेट पाहुण्याचा, दुसरा समोरच्याचा. तिसरा सहा-सहापर्यंत गेला आणि टायब्रेक लागला. समोरचा एका गुणावर सामना संपवायला उभा, चेंडू जाळीपलीकडून कोपऱ्यात आखूड पडला, पाहुणा धावला, पोचला, रॅकेट लागलीसुद्धा, आणि त्याचा पाय सरकला. सगळ्या गावासमोर तो धप्पकन पडला. चेंडू जाळीत.

काकांना काय वाटलं ते सांगायची सोय नाही. सकाळी त्यांच्या अंगावरचं जे पडणं राहिलं होतं, ते त्या पोरानं आपल्या अंगावर घेतलं होतं. दोन रांगा मागं पिवळ्या स्वेटरमधले साहेब उभे राहिले होते, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर हाच हिशेब दिसत होता.

संध्याकाळी पाहुणा बॅग भरत होता. काका दारात उभे राहिले, मग आत आले, मग पुन्हा दारात गेले. शेवटी काकूच बोलल्या.

“बाबा रे, राग मानू नकोस. आम्ही सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. पाव रोज करपवला, बादली वाहू दिली, नळ दुरुस्त करू दिला नाही. तू म्हणालास ना, त्या आवाजानं घरी असल्यासारखं वाटतं, म्हणून. आज साहेबांनी धरलं ह्यांना, तेवढंच चुकलं.”

पाहुणा बॅगेची चेन ओढायचा थांबला. “नळ माझ्यासाठी ठेवलात?”

“मग कुणासाठी?”

तो कपाळाला हात लावून पलंगावर बसला. “काकू, त्या नळानं मला वेड लागायची पाळी आली होती. पहिल्याच रात्री मी उठून रॅकेटची तुटलेली तार त्याच्या तोंडाला बांधली. पाणी तारेवरून खाली उतरतं, आवाज होत नाही. सकाळी सोडून खिडकीत ठेवायचो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटलं, तुमच्याकडं नळ असाच असतो. आणि पावही.”

काकूंनी काकांकडं पाहिलं. त्या पाहण्यात केबिन होती, हरकतरावांचं छत होतं, आणि आठवडाभराचा करपलेला पाव होता. काका जमिनीकडं बघत होते. सगळा खटाटोप पाण्यात गेला होता, अगदी शब्दशः, आणि तेही बादलीतून.

“म्हणजे माझं पडणंही फुकटच,” ते म्हणाले.

“नाही, काका,” पाहुणा म्हणाला. “ते नाही. ते मला बुधवारीच कळलं. मास्तर म्हणत होते ना, काल पडलात, आज बसलात, ते भिंतीतून ऐकू आलं. आधी हसू आलं. मग मैदानात गेलो, पहिला सेट हरलो, आणि नेहमीसारखं वाटायला लागलं की चला, संपलं. सतरा आठवडे असंच वाटत होतं. कुठल्या कुठल्या गावांत खेळलो, एक माणूस टाळी वाजवायला नसायचा. आणि इथं एक पन्नाशीचा माणूस सकाळी उठून माझ्यासाठी जमिनीवर आपटतोय. चेंडू हाताबाहेर चालला की वाटायचं, आता नाही धावलो तर काकांचं पडणं वाया जाईल. म्हणून धावायचो. एवढंच केलं मी सगळा आठवडा.”

काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“मग बुधवारीच सांगायचंस ना, पडू नका म्हणून,” काकू म्हणाल्या. “कंबर बघ ह्यांची.”

पाहुणा शरमला. “जिंकत होतो ना, काकू,” तो म्हणाला.

डबे काढायला तो गेला नाही. अंतिम फेरीमुळं त्याचा क्रमांक वर सरकला होता आणि पुढच्या मंगळवारी दुसऱ्या गावात त्याचा सामना होता. दादाला त्यानं काकांच्याच फोनवरून कळवलं. जाताना चौकटीला कपाळ आपटलं आणि काकूंना वाकून नमस्कार केला. तार न्यायला विसरला.

सोमवारी साहेबांनी काकांना बोलावलं. समोर फाइल उघडी होती, मुदत मागणाऱ्या त्या एका ओळीवर साहेबांचं बोट होतं. “काका, नियम नियम आहे. तुम्हीच केलेला आहे. पलीकडच्या टेबलावरच्यांच्या नावावर सही करतोय. तुमचं नाव सहा महिन्यांनी पुन्हा येईल.” काका ‘बरं’ म्हणून दाराशी पोचले तेव्हा साहेब खालच्या आवाजात म्हणाले, “मी धरायला नको होतं, नाही का?” आज त्यांच्या अंगात स्वेटर नव्हता. काका म्हणाले, “तुम्हाला कुठं माहीत होतं, साहेब,” आणि आपल्या जागेवर येऊन बसले. पाठोपाठ दार उघडलं आणि मूठ खुर्चीवर आदळली.

संध्याकाळी प्लंबरनं वायसर बदलला. खरंच दोन मिनिटं लागली. हरकतरावांनी छतावर शेवटची तारीख घातली आणि तक्रार निकालात निघायला हरकत नसल्याचं लेखी दिलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी काका न्हाणीघराच्या दाराशी आले. जमीन खडखडीत कोरडी होती. पाहुण्याची खोली रिकामी, पलंगावर घडी घातलेली चादर. दूरच्या गावात दहा वाजता त्याची पहिली फेरी होती. काकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मास्तर नव्हते. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांची पाठ इकडं होती. कोरड्या जमिनीवर आपोआप पडता येत नाही, त्याला मनापासून ठरवावं लागतं. काकांनी डोळे मिटले.

धप्प.

“अगं आई गं,” ते हळूच म्हणाले.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

“अहो,” काकू आतूनच म्हणाल्या, “हात टेकलात. पुन्हा पडा.”